अक्षर कालुझांचं

बॉन, ११ सप्टेंबर १९४९

प्रिय बुर्गल,

पोचलो. सात तास गाडीत बसून पाठीचं पार लाकूड झालंय, पण पोचलो. खोली मिळाली आहे ती एस्सर नावाच्या विधवा बाईंकडे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून ऱ्हाइन दिसते आणि पहाटेपासून मालवाहू बोटींचे भोंगे ऐकू येतात. बाई मायाळू आहेत, पण काल त्यांनी उकडलेल्या बटाट्यात सफरचंद घोटलं आणि त्यावर रक्ताचं सॉसेज ठेवून माझ्यापुढे आणलं. मी खाल्लं. देशासाठी माणसाला काय काय करावं लागतं!

संसद म्हणजे शिक्षकांचं एक जुनं विद्यालय आहे. रंग इतका ओला की एका खासदाराच्या कोटाची बाही भिंतीला चिकटून राहिली. माझी जागा मागून दुसऱ्या ओळीत, खांबाच्या आड. शेजारचे गृहस्थ उत्तरेकडचे. त्यांनी विचारलं, "आपला व्यवसाय?" म्हटलं, "ब्रशचा कारखाना." तर म्हणाले, "मग बरोबर ठिकाणी आलात. या देशात घासण्यासारखं पुष्कळ पडलंय." हसलो खरा, पण ते हसू काही फार टिकलं नाही.

तुला म्हणून सांगतो, मी इथे कसा आलो हे मलाच अजून नीट उमगलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी युद्धकैदेतून सुटून आलो, त्या अमेरिकन कप्तानाने नाझी पक्षाच्या यादीत माझं नाव शोधलं, ते सापडलं नाही, आणि त्याने मला नगराध्यक्ष करून टाकलं. आता नगराध्यक्षाचा खासदार. माझ्या वडिलांना कळलं असतं तर म्हणाले असते, आधी बुटाची नाडी नीट बांधायला शिक.

कारखाना कालुझा सांभाळतील. माणूस भित्रा आहे, पण कामात चोख. सिलेसियातून हाकलले गेले, सगळं मागे टाकून आलेत बिचारे, जपून वागव. त्यांनी दर आठवड्याला मला पत्र लिहायचं असं ठरलं आहे. तू आता आराम कर. लढाईत तीन वर्षं तू एकटीने तो गाडा ओढलास, तेवढं पुरे. आणि फोन करू नकोस. एक्सचेंजमधली गुंडल सगळं ऐकते, आणि तिने ऐकलेलं दुपारच्या आत बेकरीत पोचतं.

लोकरीचे मोजे राहिले. आणि आपल्याकडचं सॉसेज पाठव.

तुझा
ओटमार

*

एर्लेनग्रुंड, १८ सप्टेंबर १९४९

प्रिय ओटमार,

मोजे आणि सॉसेज सोबतच्या पार्सलात आहेत. सॉसेज एस्सरबाईंनाही दे, म्हणजे त्यांना कळेल आपण कशाला सॉसेज म्हणतो ते.

तू सांगितल्याप्रमाणे आराम केला. आलुबुखारचा मुरंबा बारा बरण्या झाला, पडदे धुतले, माळा झाडला. मंगळवारी आराम संपला. आता बुधवारपासून काय करायचं ते कळव.

कालुझा रोज सकाळी सातला येतात, टोपी काढतात आणि मला विचारतात, "मालकांनी काय ठरवलंय?" मी म्हणते, मालक बॉनला आहेत. मग ते टोपी घालतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा टोपी काढतात. परवा लाकूडवाला बीच लाकडाच्या ओल्या फळ्या घेऊन आला. कालुझा त्याच्याकडे बघत उभे, तो यांच्याकडे. मी सहज तिकडून चालले होते. हसू नकोस. माझ्या बाबांचा कारखाना आहे, मी तिथून सहज जाऊ शकते. फळीवर नख रोवून बघितलं आणि गाडी परत पाठवली. कालुझांनी पाठवली असंच समज.

संसदेत झोपू नकोस. झोपलास की तुझं तोंड उघडं राहतं, आणि मागे बसलास तरी वर्तमानपत्रवाले वरच्या गॅलरीत असतात.

बुर्गल

*

बॉन, ४ मार्च १९५१

प्रिय बुर्गल,

आज तुला नाही, खरं तर कालुझांनाच लिहायला बसलो होतो, पण त्यांची स्तुती त्यांच्यापुढे केली तर ते बेशुद्ध पडतील, म्हणून तुझ्याकडे करतो. या माणसाला झालंय काय? पहिल्या दोन महिन्यांतली त्यांची पत्रं आठवतात मला. 'सविनय कळवितो की कळविण्यासारखे काही नाही.' आणि आता बघ! परवाच्या पत्रात लिहितात, "डुकराचे राठ केस चीनहून येणं आता बेभरवशाचं, तेव्हा त्याची वाट बघत बसण्यापेक्षा नायलॉनचे ब्रश करून बघू. दुधाच्या बाटल्या धुवायला दुग्धशाळांना दर महिन्याला ब्रश लागतात, आणि गाय काही कोरियात लढाई आहे म्हणून दूध द्यायचं थांबवत नाही." हे शेवटचं वाक्य मी जेवणाच्या टेबलावर चार खासदारांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाले, "हेगाउर, तुमचा मॅनेजर आम्हाला द्या, आम्ही त्याला मंत्री करतो."

मी होकार कळवला आहे. त्यांचा पगारही वाढवावा म्हणतो. तू त्यांना एकदा रविवारी जेवायला बोलाव. माणूस सापडायला वेळ लागतो, बुर्गल, पण सापडला की कळतं.

मी महिन्यातून एकदा येतो आणि सबंध रविवार झोपून काढतो, हे मलाही दिसतं. रागावू नकोस. गाडीत बसलो की आठवतं तुला काय काय सांगायचं होतं ते.

तुझा
ओटमार

*

एर्लेनग्रुंड, ११ मार्च १९५१

प्रिय ओटमार,

कालुझांना जेवायला बोलावलं. भाजलेलं डुक्कर आणि मोठे मोठे बटाट्याचे गोळे केले होते. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, तर कानापर्यंत लाल झाले आणि चक्क ताटात बघत म्हणाले, "बाईसाहेब, हे मला झेपायचं नाही." पगारवाढ नको म्हणतात. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, त्याऐवजी ब्रशचे केस बांधणाऱ्या बायकांच्या खोलीत एक लोखंडी शेगडी बसवा, बोटं गारठली की केसांचे झुबके सैल बांधले जातात. मला ते पटलं. तुलाही पटेल. शेगडी काल बसवली.

रविवारच्या झोपेचा मला राग नाही. तू घोरतोस तेव्हा घरात कुणी आहे असं वाटतं. आपल्याला मूलबाळ असतं तर आवाजासाठी तुझ्यावर अवलंबून राहावं लागलं नसतं. असो.

बटण निघालेला तो करडा शर्ट पुढच्या खेपेला घेऊन ये.

बुर्गल

*

एर्लेनग्रुंड, ३ ऑक्टोबर १९५५

प्रिय ओटमार,

हे पत्र मी तीन आठवडे पुढे ढकलते आहे. आता ढकलायला जागा उरली नाही.

तुझ्याकडे गेली सहा वर्षं येणारी कालुझांची पत्रं मी लिहिते. म्हणजे अक्षर त्यांचं. मी बोलते, ते उतरवतात, आणि प्रत्येक वेळी सही करताना म्हणतात, "बाईसाहेब, हे चांगलं नाही." त्यांना काही बोलू नकोस. ते दोनदा राजीनामा घेऊन आले होते, मीच तो चुलीत टाकला. पहिल्या हिवाळ्यात त्यांना काही ठरवता येईना आणि बायकांचं काम थांबायची वेळ आली, तेव्हा हे सुरू झालं. मग तू स्तुती करायला लागलास. ती दुसऱ्याच्या नावावर येत होती, तरी मी स्वयंपाकघरात उभी राहून दोन दोनदा वाचायची. मग सांगणं आणखी अवघड होत गेलं.

आता सांगावंच लागतंय, कारण दुग्धशाळांच्या सहकारी संघाने तीन वर्षांची मागणी द्यायची तयारी दाखवली आहे. एवढं मोठं काम बाबांच्याही वेळी आलं नव्हतं. त्यासाठी नायलॉनचं नवं यंत्र लागेल, यंत्रासाठी बँकेचं कर्ज लागेल. मी काळा कोट घालून बँकेत गेले. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त आपले यजमान कुठे आहेत?"

मी म्हटलं, "कारखाना माझ्या वडिलांचा. माझ्याकडे आला."

"बरोबर. आणि लग्नानंतर त्याचा कारभार यजमानांकडे आला. जुना कायदा अधांतरी लटकलाय, नवा बॉनवाल्यांनी अजून केलेला नाही. तोवर मला हेगाउरसाहेबांची सही लागेल. एकदा तुम्हाला सहीचे अधिकार दिल्याचं त्यांनी लिहून दिलं की मग काही अडचण नाही."

बॉनवाले म्हणजे तूच की. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

संघाला तीस नोव्हेंबरच्या आत उत्तर हवं. नाहीतर काम दुसरीकडे जाईल, आणि मला अकरा बायकांना घरी पाठवावं लागेल. त्यातल्या सात जणींचे नवरे लढाईवरून आलेले नाहीत. अधिकारपत्राचा मसुदा सोबत आहे. सही करून पाठव.

बुर्गल

*

बॉन, ९ ऑक्टोबर १९५५

बुर्गल,

पत्र पोचलं.

सहा वर्षं. मी ती पत्रं इथे लोकांना वाचून दाखवायचो. 'आमचे कालुझा असं म्हणतात, आमचे कालुझा तसं म्हणतात.' आता मला आठवतंय की मी घरी आलो असताना, जेवणाच्या टेबलावर, तुझ्यासमोरच मी तुला तुझीच वाक्यं समजावून सांगितली होती. तू माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढलास आणि म्हणालीस, "हुशार आहेत हो कालुझा." तेव्हा मनात काय म्हणत होतीस?

अधिकारपत्र पाठवत नाही. नायलॉन, कर्ज, तीन वर्षांचा करार, हे असं टपालाने ठरवायचं नसतं. नाताळला येईन तेव्हा मी स्वतः बघीन. कुठल्याही घरात शेवटचा शब्द कुणाचा तरी एकाचा असावा लागतो, आणि कायद्याने तो माझ्यावर टाकला आहे. मी मागून घेतलेला नाही.

ओटमार

*

एर्लेनग्रुंड, ६ नोव्हेंबर १९५५

ओटमार,

नाताळपर्यंत संघ थांबणार नाही. तारीख पत्रात स्पष्ट लिहिली होती. ती कालुझांनी लिहिली असती तर तू वाचली असतीस.

मनात काय म्हणत होतीस असं विचारलंस. सांगते. मी म्हणत होते, किती आनंदात आहे हा, जेवू दे. बाकी काही नाही.

पण आता विचारलंच आहेस तर ऐक. सेहेचाळीस साली तू कैदेतून आलास, हाडाची काडं झाली होती तुझी. चौथ्या दिवशी दाढी केलीस, कारखान्यात गेलास आणि माझ्या खुर्चीत बसलास. मला म्हणालास, "शाबास बुर्गल, आता तू सुटलीस." त्या खुर्चीत बसून मी बाँब पडत असताना मजुरी वाटली होती. लाकूड मिळेना तेव्हा बाबांच्या पलंगाचं लाकूड कापून ब्रशच्या मुठी केल्या होत्या. तू जिवंत आलास याचा आनंद इतका होता की बाकीचं मी गिळलं. नऊ वर्षं झाली, अजून खाली उतरलेलं नाही.

आणि शेवटचा शब्द. सदतीस सालचा एप्रिल आठव. जेवणाच्या टेबलावर नाझी पक्षाचा अर्ज पसरलेला, तुझ्या हातात पेन. "बुर्गल, लष्कराची मागणी हवी तर हे करावं लागेल. नुसतं नाव तर द्यायचं आहे." मी नाही म्हटलं. तू म्हणालास, शेवटी ठरवणार मीच. मी म्हटलं, ठरव, पण मग उद्यापासून माझ्या हातचं जेवण विसर. दोन दिवस धुसफुसलास. मुदत टळली. मागणी वर्षभराने तशीही मिळालीच.

आता दर निवडणुकीला तुझ्या पत्रकावर छापलेलं असतं, 'ज्याने सही केली नाही तो माणूस.' मी स्वतः ती पत्रकं घरोघर टाकत हिंडले आहे. एका शब्दाने तुला कधी बोलले नाही, आणि आज बोलले याचं वाईटही वाटतंय. पण तेव्हा शेवटचा शब्द तुझा चालला असता तर तू आज कुठे असतास, याचा एकदा विचार कर.

बुर्गल

*

बॉन, १४ नोव्हेंबर १९५५

बुर्गल,

अधिकारपत्र सही करून, शिक्क्यासह पाठवत आहे. जास्तीची एक प्रतही आहे, एक हरवली तर अडायला नको.

ओटमार

*

एर्लेनग्रुंड, ८ जानेवारी १९५६

प्रिय ओटमार,

यंत्र मार्चमध्ये येणार. संघाचा करार झाला. सही करताना कागदावर शाई सांडली, तर कालुझांनी मागून हळूच म्हटलं, "बाईसाहेब, माझीही सांडायची." अकराही जणी कामावर आहेत, आणखी चार लागतील.

तू नाताळला आलास, गेलास. तळलेला मासा खाल्लास, चर्चमध्ये सगळ्यांशी हात मिळवलेस, बटणं लावायला तीन शर्ट दिलेस. एकही वाकडा शब्द बोलला नाहीस आणि सरळही नाही. यंत्राची जागा दाखवायला नेलं तर दारातच उभा राहिलास, टोपी हातात घेऊन, कालुझांसारखा. मला वाटलं तू आता बोलशील. तू म्हणालास, "इथे थंडी आहे."

तू सही रागाने दिलीस की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. मी ते पत्र पाठवायला नको होतं असं रात्री वाटतं आणि सकाळी वाटत नाही. एकोणतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. तू भांडलेला मला चालतो, ओटमार. गप्प राहिलेला चालत नाही.

स्टेशनवर गाडी सुटताना तू काचेवर हात टेकवला होतास. तेवढं धरून बसले आहे.

तुझी
बुर्गल

*

बॉन, २० जानेवारी १९५६

प्रिय बुर्गल,

राग नाही. लाज आहे. तिच्याबद्दल बोलायची मला सवय नाही, वेळ लागेल. तोवर मी भांडलोय असंच समज.

तुझा
ओटमार

*

बॉन, ५ मे १९५७

प्रिय बुर्गल,

वर्तमानपत्रात काहीबाही येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

परवा नवरा-बायकोच्या हक्कांच्या कायद्यावर मतदान झालं. आमच्या पक्षात बहुतेकांचं मत, नवऱ्याचा शेवटचा शब्द कायद्यात राहिलाच पाहिजे. आदल्या दिवशी पक्षाची बैठक होती. एकामागून एक जण उठून सांगत होते, कुटुंब म्हणजे जहाज, जहाजाला कप्तान एकच. मी आठ वर्षांत त्या खोलीत कधी तोंड उघडलेलं नाही, खोलीतली गार शेगडी आणि ब्रशवरचा कर हे विषय सोडून. पण ऐकता ऐकता मी उठलो. अध्यक्ष म्हणाले, "हेगाउर, ब्रशचं पुढच्या आठवड्यात घेऊ." सगळे हसले.

मी म्हटलं, "ब्रशचं नाही. माझं आहे." आणि सदतीस सालचं सांगितलं. टेबल, अर्ज, पेन, सगळं. म्हटलं, "ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला इथे आणलंत ती मी केलेली नाही, माझ्या बायकोने केली. मी तर सही करायला बसलो होतो. त्या दिवशी माझ्या घरात कप्तानाचं ऐकलं गेलं असतं, तर आज मी तुमच्यात नसतो. असतो तरी खोटं बोलून असतो. तसा थोडा आहेच, कारण वीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली, अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर ते उत्तरेकडचे शेजारी माझ्याबरोबर नदीपर्यंत चालत आले. काठावर पोचल्यावर म्हणाले, "माझ्या बायकोने सही करू नको म्हटलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं."

मतदानात नवऱ्याचा शेवटचा शब्द गेला, थोड्याच मतांनी. त्यात एक माझं. मुलांच्या बाबतीत बापाचा शब्द मात्र राहिला. तिथेही मी विरुद्ध मत दिलं, पण हरलो. आपल्या घरात तो चालवायला कुणी नाही, तरी हरल्याचं वाईट वाटलं.

मतदानानंतर संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. अगदी गोड बोलले. माझी तब्येत हल्ली बरी दिसत नाही म्हणाले. सप्टेंबरच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातून नव्या दमाचा माणूस बघावा असं ठरतंय. मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे. ते म्हणाले, "तरीसुद्धा."

तुला न विचारता तुझं नाव घेतलं. हे विचारून करायला हवं होतं, हे बोलून झाल्यावर सुचलं. म्हणजे अजून फारसा सुधारलेलो नाही.

तुझा
ओटमार

*

एर्लेनग्रुंड, १२ मे १९५७

माझ्या ओटमार,

पत्र आलं तेव्हा मी यंत्राखाली होते, हाताला वंगण. कालुझांना म्हटलं, फोडून वाचा. त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचलं आणि चष्मा पुसायला बाहेर गेले, ते आलेच नाहीत. उरलेलं मी वंगणाच्या हातांनी वाचलं. डाग पडलेत.

गावात सगळ्यांना माहीत झालंय. औषधवाले रस्ता ओलांडून पलीकडून जातात. बेकरीतली मला म्हणाली, "काय हो, म्हणजे खासदार तुम्हीच होतात की!" मी म्हटलं, नाही हो, रोज बॉनचं जेवण तर तोच जेवत होता. केस बांधणाऱ्या बायकांनी काही न बोलता माझ्या टेबलावर रानफुलांचा गुच्छ ठेवला, चहाच्या किटलीत.

आता मलाही एक सांगायचंय. तू चारचौघांत मला फार मोठी केलीस, आणि ते मला पेलवत नाही.

मी त्या दिवशी नाही म्हटलं ते धीट होते म्हणून नाही. तुला याकोब लेहमायर आठवतात? फ्युर्टचे, केसांचे व्यापारी. बाबांच्या वेळेपासून दर वसंतात येऊन नमुने दाखवायचे आणि आपल्याकडे जेवायचे. त्यांच्या पानात मी डुकराचं वाढत नसे, अंड्याचं करत असे. त्या आठवड्यात गुरुवारी ते यायचे होते. तो अर्ज तू भरला असतास तर एका ज्यूला घरी जेवायला बसवता आलं नसतं, आणि त्यांना दारातून परत कसं पाठवू हे मला सुचेना. म्हणून नाही म्हटलं. एका जेवणाची लाज वाटली, एवढंच.

ते त्या गुरुवारी आले, जेवले. पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यांचं दुकान बंद झालं असं ऐकलं. फ्युर्ट गाडीने तासाभरावर आहे, ओटमार. मी गेले नाही. एक पत्र टाकलं नाही. नंतरही कधी कुणाला विचारलं नाही. मी नाही म्हणाले एकदाच, आणि पुढे सात वर्षं गप्प होते. इतकी वर्षं मी मनात तुझ्यावर रुसून होते की माझ्या 'नाही'चं श्रेय तू घेतलंस. आता तू ते परत दिलंस, आणि हातात घेतल्यावर दिसतंय ते किती लहान होतं.

बॉन सोडण्याआधी एक काम कर. तिथे तुला कचेऱ्या उघड्या आहेत, कागद मिळतील. लेहमायर कुठे गेले ते शोध. मला विचारायची भीती वाटते, तरी विचार.

आणि सप्टेंबरनंतरचं. तू घरी बसून माझे पडदे धुणार असशील तर नको. दुग्धशाळांकडे फिरायला मला विक्रेता हवा आहे. बोलघेवडा, वयाने पोक्त, उत्तरेकडच्या लोकांशी जुळवून घेणारा. सोमवार ते गुरुवार फिरती, शुक्रवारी घर. नमुन्यांची पेटी स्वतः उचलावी लागेल. कामावर कालुझांच्या हाताखाली, माझ्या नाही, नाहीतर आपण रोज भांडू. कळव.

तुझी
बुर्गल

*

बॉन, १० सप्टेंबर १९५७

माझ्या बुर्गल,

खोली रिकामी केली. एस्सरबाईंनी शेवटचं म्हणून पुन्हा बटाट्यात सफरचंद घोटलं आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सवय झाली की काय कोण जाणे.

नोकरी मंजूर. मॅनेजरसाहेबांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं मला जपून वागवा.

लेहमायरांचं कळलं. दुकान अडतीस साली जबरदस्तीने घेतलं गेलं. बेचाळीसच्या मार्चमध्ये त्यांना आणि त्यांच्या बायकोला फ्युर्टहून गाडीत घालून पूर्वेला नेलं. त्यापुढे कागद नाही. ज्या कारकुनाने मला हे काढून दिलं तो म्हणाला, "आपण नातेवाईक?" मी म्हटलं, "नाही, ते आमच्याकडे जेवायचे." त्याने फाईल बंद केली.

हे तुला पत्रात लिहू नये, समोर बसून सांगावं असं वाटत होतं. पण मग वाटलं, समोर आलो की मी पुन्हा थंडीबद्दल बोलेन.

त्यांची मुलगी आहे. हेनी. एकोणचाळीस साली, एकोणीस वर्षांची असताना निघून गेली. इस्रायलमध्ये हैफाला असते, बालवाडीत शिकवते. पत्ता मिळाला. एकदा लहानपणी वडिलांबरोबर आपल्याकडे आली होती का गं? दोन वेण्या, आणि नमुन्यांच्या झुबक्यांनी मांजराला गुदगुल्या करत होती ती? की ती दुसरीच कुणी?

मी तिला पत्र लिहायला बसलो. चार वेळा सुरुवात केली, चारही कागद फाडले. प्रत्येक वेळी दुसऱ्याच ओळीत मी आपली बाजू मांडायला लागतो. तिने उत्तर द्यावं असा आपला काही हक्क नाही. पण कुणीतरी तिला सांगायला हवं की तिचे वडील त्या गुरुवारी आपल्याकडे बसले होते, कुठल्या खुर्चीत बसले होते, काय जेवले, काय बोलले. ते तुला आठवत असेल, मला नाही. आणि नंतर आपण दोघांनी विचारलं नाही, तेही लिहायला हवं. ते मला लिहिता येईल.

शुक्रवारच्या गाडीने येतो. शनिवारी सकाळी जेवणाचं टेबल मोकळं ठेव. तू सांग, मी लिहीन.

तुझा
ओटमार